पालिकेचा वार्षिक हिशेब: वाचतं कोण?



आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. नगरपालिकेचा वार्षिक प्रशासन अहवाल. लढाया आणि राज्यारोहणांवर बोलायला बसलं की श्रोते भरपूर मिळतात, गटारांच्या इतिहासाला कमी. पण तुम्ही इंदूरला राहत असा, बडोद्याला, बेळगावात, हैदराबादला किंवा दिल्लीच्या एखाद्या वसाहतीत, सरकार नावाच्या गोष्टीशी तुमचा रोजचा संबंध येतो तो नळ, कचरा, रस्त्यावरचा दिवा, गटार आणि शाळा यांच्यामुळेच. या कामांचं वर्ष कसं गेलं हे तपासायचं कोणी? कोणत्या मापानं? आणि तपासून झाल्यावर पुढे काय करायचं?

हे प्रश्न नवे नाहीत. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपल्या शहरांमध्ये त्यांच्यावरून भांडणं झाली आहेत, माणसं निवडून आली आहेत, पडली आहेत, पालिका बरखास्त झाल्या आहेत. आज आपण त्या भांडणांतून एक धागा ओढत जाणार आहोत. तो धागा असा: अहवाल कोणी लिहिला यापेक्षा तो कोणासाठी लिहिला, यावर त्यात काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे ठरतं.

मुंबई, १८७१: काम चांगलं, हिशेब वाईट

सुरुवात मुंबईपासून करू. १८६५ साली मुंबईला नवा कायदा मिळाला. शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून नेमलेल्या प्रतिष्ठितांची सभा होती. हे जस्टिस लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारनं नेमलेले होते. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. मोठ्या धडाडीचा माणूस. त्यानं रस्ते रुंद केले, गटारांची कामं काढली, साफसफाईची यंत्रणा उभी केली आणि १८६९ साली ती प्रसिद्ध मंडई उभी राहिली, जिला आपण क्रॉफर्ड मार्केट म्हणून ओळखतो.

पण काळ कसा होता बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत पाण्यासारखा वाहिला होता आणि १८६५ सालीच तो फुगा फुटला होता. शहर कर्जात, करदाते मेटाकुटीला आलेले आणि कमिशनर खर्च करत सुटलेला. १८७१पर्यंत पालिकेची तिजोरी इतकी अडचणीत आली की करदात्यांनी सभा घेऊन ओरड सुरू केली. क्रॉफर्डला पायउतार व्हावं लागलं.

आता इथे एक तरुण बॅरिस्टर उभा राहतो. फिरोजशहा मेहता, वय वर्षं सव्वीस. १८७१च्या अखेरीस त्यांनी या प्रश्नावर एक निबंध वाचला. जमलेल्या लोकांना क्रॉफर्डला झोडपणारं भाषण हवं होतं. मेहतांनी वेगळंच सांगितलं. शहराचं आरोग्य सुधारलं हे आधी मान्य करा, असं ते म्हणाले. दोष एका माणसाचा कमी आणि रचनेचा जास्त. ज्या सभेनं हिशेब तपासायचा, ती लोकांना उत्तरदायी नव्हती, म्हणून तिनं वेळेवर तपासला नाही. उपाय काय? करदात्यांनी निवडून दिलेली सभा आणि तिला जबाबदार असलेला अधिकारी. श्रोत्यांना हे पटलं नाही, त्यांनी मेहतांची हुर्यो उडवली. पण पुढच्याच वर्षी, १८७२च्या कायद्यानं ६४ जणांची कॉर्पोरेशन आली, तिच्यातले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले आणि पैशावर नजर ठेवायला बारा जणांची टाउन कौन्सिल नेमली गेली. १८८८च्या कायद्यात तिच्या जागी स्थायी समिती आली. आज तुमच्या शहरात स्थायी समिती असेल तर तिचं मूळ त्या वर्षांच्या भांडणात आहे.

मेहतांच्या निबंधात आजच्या विषयाला लागणारी एक गोष्ट आहे. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले: काम झालं का, आणि पैसा नीट गेला का? क्रॉफर्डचे भक्त पहिल्याच प्रश्नावर बोलत होते, विरोधक दुसऱ्याच. दोन्ही एकदम विचारणारा माणूस दोन्ही बाजूंना नकोसा झाला. आजही पालिकेच्या कारभाराची चर्चा ऐका, ती बहुतेक वेळा अशीच एका पायावर चालते.

मात्र हे लक्षात ठेवा की १८७२चा मतदार म्हणजे ठरावीक रकमेहून जास्त कर भरणारा माणूस. गिरणीत काम करून चाळीत राहणारा त्यात नव्हता. त्यामुळे तिसरा प्रश्न अजून सभागृहात आलाच नव्हता. तो पुण्यात आला.

पुणे: ‘हा पैसा कोणासाठी?’

महात्मा जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. सरकारनियुक्त सदस्य, कारण तेव्हा पुण्यात निवडणूक नव्हतीच. व्हाइसरॉयच्या पुणेभेटीच्या वेळी शहर सजवायला एक हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव आला. सभेत ३२ सदस्य. सरकारच्या नेमणुकीवर बसलेल्या माणसांनी व्हाइसरॉयच्या स्वागताला नाही म्हणायचं, ही कल्पनाच कोणाला सुचणारी नव्हती. फुल्यांनी एकट्यानं विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रस्ताव मंजूर झाला, विरोधाचं मत एकच पडलं.

नव्या मंडईच्या भव्य इमारतीवर मोठा खर्च करण्यालाही त्यांचा असाच विरोध होता. पुढे इतिहासानं एक गंमत केली. पुण्याच्या त्या मंडईला, जी आधी रे मार्केट होती, आज महात्मा फुले मंडई म्हणतात. आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं अधिकृत नावही महात्मा जोतिबा फुले मंडईच आहे. नाव दगडावर कोरलं गेलं, प्रश्न मात्र दप्तरात राहिला.

तो प्रश्न काय होता? एक हजार रुपये खर्च झाले का, झाले. हिशेबात चूक होती का, नव्हती. लेखापरीक्षकानं तपासलं असतं तर त्यानं बरोबरची खूण केली असती. फुल्यांचा आक्षेप हिशेबावर नव्हता, निवडीवर होता. हाच पैसा दुसरीकडे गेला असता तर कोणाला मिळाला असता, असं ते विचारत होते. खर्चाच्या एकाच बाजूला बघणाऱ्या अहवालात या प्रश्नाला रकाना नसतो.

रिपनचा ठराव आणि वर जाणारा अहवाल

१८ मे १८८२. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या सरकारनं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. त्यात एक उदार विचार होता: कारभार सुधारेल म्हणून स्थानिक संस्था द्यायच्या, हा मुख्य हेतू नाही. लोकांना राज्यकारभाराचं शिक्षण मिळावं म्हणून त्या द्यायच्या. सुरुवातीला चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. सरकारी सदस्य एक तृतीयांशाहून जास्त नसावेत, अध्यक्ष शक्यतो बिनसरकारी असावा, आणि सरकारनं आत बसून हुकूम देण्याऐवजी बाहेरून लक्ष ठेवावं.

आता ‘बाहेरून लक्ष ठेवणं’ म्हणजे नेमकं काय? त्यातून एक पद्धत पक्की झाली. प्रत्येक पालिकेनं वर्षाचा अहवाल तयार करायचा. तो कलेक्टरकडे, तिथून विभागाच्या कमिशनरकडे, तिथून प्रांत सरकारकडे. मग सरकार सगळ्या पालिकांवर मिळून एक परीक्षणाचा ठराव छापणार: अमुक पालिकेची वसुली समाधानकारक, तमुक पालिकेच्या सभांना सदस्य हजर राहत नाहीत, अमक्याची स्वच्छता असमाधानकारक. मुंबई इलाखा, बंगाल, संयुक्त प्रांत, सगळीकडे वर्षानुवर्षं हे ठराव निघत राहिले.

त्या अहवालांत काय असे? जकात किती, घरपट्टी किती, मागणीच्या किती टक्के वसूल झाली, दरडोई करभार किती, सभा किती झाल्या, सरासरी हजेरी किती, जन्म-मृत्यू, देवीच्या लसी, दिवाबत्ती, मैलासफाई, पाणी आणि शाळांवरचा खर्च. इतिहासाच्या अभ्यासकाला ही सोन्याची खाण आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या तालुक्याच्या गावात रात्री दिव्यांवर किती खर्च होत होता, हे आपल्याला कळतं ते या तक्त्यांमुळेच.

पण हा कागद ज्या दिशेनं जात होता ती दिशा बघा. खालून वर. नगरसेवकानं लिहायचं, साहेबानं वाचायचं. ज्याच्या गल्लीत दिवा नाही त्यानं तो वाचावा, अशी कल्पनाच त्यात नव्हती. भाषा इंग्रजी, प्रती मोजक्या. आणि रिपनच्या ठरावातच एक शेवटचं हत्यार ठेवलेलं होतं: फारच कुचराई झाली तर सरकार पालिका बाजूला सारू शकेल. म्हणजे वार्षिक परीक्षेत नापास झाल्यावर शिक्षा पालिकेला व्हायची, पण परीक्षक लोक नव्हते, सरकार होतं.

कलकत्त्यात याचा अनुभव लवकर आला. १८९९ साली पालिकेचा कारभार नीट चालत नाही म्हणून कायदाच बदलून लोकनियुक्त सदस्यांची संख्या आणि अधिकार कापले गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी, एकूण अठ्ठावीस जण, राजीनामे देऊन बाहेर पडले. अहमदाबादेत १९२२ साली वेगळं निमित्त झालं. पालिकेनं आपल्या शाळांवर सरकारी देखरेख नको आणि अनुदानही नको असं म्हटलं, तेव्हा सरकारनं पालिकाच बाजूला सारून समिती नेमली. शाळा चालत होत्या. प्रश्न शाळा चांगल्या की वाईट हा नव्हताच.

इंदूरची दिवाळी

या सगळ्यात एक सुखद अपवाद सांगतो आणि तो आपल्या होळकरांच्या इंदूरचा आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१७ साली इंदूरला आले. शहरात प्लेगची भीती होती. अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या महागड्या योजनांऐवजी गेडिस स्वतः गल्लीबोळांतून हिंडले आणि त्यांनी एक युक्ती काढली. दिवाळीची मिरवणूक त्या वर्षी ठरलेल्या मार्गानं जाणार नाही, ज्या मोहल्ल्यांतल्या लोकांनी घरं सर्वांत स्वच्छ केली, डागडुजी केली, त्या मार्गानं जाईल, असं जाहीर झालं. शहर झाडून-पुसून निघालं. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, फुलांच्या माळा घालून मानानं चालले होते.

यात गंमतीपलीकडे एक शहाणपण आहे. कोणता मोहल्ला पास झाला हे सगळ्या शहरानं डोळ्यांनी पाहिलं. ज्यांनी काम केलं तेच परीक्षेला बसले होते आणि तेच निकाल बघत होते. गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला, पण शहरानं आधी पाहिला तो अहवाल रस्त्यावरचा होता.

अलाहाबाद, १९२३: गाव आणि सिव्हिल लाइन्स

१९२३-२४ची वर्षं आपल्या नगरपालिकांच्या इतिहासात विलक्षण आहेत. असहकाराची चळवळ थांबली होती आणि राष्ट्रीय पुढारी पालिकांमध्ये शिरले. कलकत्त्यात देशबंधू चित्तरंजन दास महापौर आणि सत्तावीस वर्षांचे सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. अहमदाबादेत वल्लभभाई पटेल अध्यक्ष, मुंबईत त्यांचे बंधू विठ्ठलभाई, पाटण्यात राजेंद्रप्रसाद. आणि अलाहाबादेत जवाहरलाल नेहरू.

कलकत्त्यानं एक नवी गोष्ट केली. नोव्हेंबर १९२४पासून ‘कलकत्ता म्युनिसिपल गॅझेट’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. पालिकेचा कारभार नागरिकांना वर्षातून एकदाही दिसत नव्हता, तो आता दर आठवड्याला छापून यायला लागला. इंग्रजीत का होईना, कागदाची दिशा पहिल्यांदा वळली.

नेहरू साधारण दोन वर्षं अध्यक्ष राहिले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी या अनुभवावर जे लिहिलं आहे, ते पालिकांच्या वार्षिक परीक्षेवरचं फार मार्मिक भाष्य आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा. दर वर्षी सरकारी ठराव आणि अधिकारी पालिकांचे दोष दाखवतात आणि त्यातून निष्कर्ष काढतात की लोकशाही संस्था हिंदुस्थानला मानवत नाहीत. दोष आहेतच, पण ज्या चौकटीत पालिकेनं काम करायचं, त्या चौकटीकडे कोणी बघत नाही. नवे कर लावायला परवानगी नाही, पैशासाठी सरकारच्या तोंडाकडे बघायचं, आणि वर्षाअखेरी नापास व्हायचं.

पुढचं उदाहरण तर आजही डोळे उघडणारं आहे. आपल्या बहुतेक शहरांचे दोन भाग असतात, असं ते सांगतात: दाटीवाटीचं मूळ गाव आणि प्रशस्त बंगल्यांची सिव्हिल लाइन्स. पालिकेला जास्त उत्पन्न मिळतं गावातून आणि खर्च मात्र सिव्हिल लाइन्सवर कितीतरी अधिक होतो. कारण तिथे रस्ते लांब-रुंद, ते दुरुस्त करायचे, झाडायचे, त्यांवर पाणी मारायचे, दिवे लावायचे. जमिनीच्या किमतीवर कर लावला तर बंगलेवाले आपला वाटा उचलतील, अशी सूचना पुढे आली तेव्हा जिल्हाधिकाऱ्यानं कायद्याच्या अडचणी पुढे केल्या. जकात मात्र सरकारला चालत होती, आणि जकातीचा भार शेवटी गरिबाच्या धान्यावर आणि इंधनावर पडत होता.

मेहतांनी विचारलं होतं, काम झालं का आणि पैसा नीट गेला का. फुल्यांनी विचारलं होतं, कोणासाठी. नेहरूंनी त्याला नकाशा जोडला: शहराच्या कोणत्या भागातून आला आणि कोणत्या भागात गेला. सरकारच्या वार्षिक तक्त्यात रस्त्यांवरचा खर्च एका ओळीत यायचा. ती ओळ प्रभागवार फोडली असती तरच हे दिसलं असतं.

स्वातंत्र्यानंतरही बरखास्ती

स्वातंत्र्य आलं. राज्य सरकारं लोकनियुक्त झाली. पण पालिकांकडे बघायची जुनी नजर तीच राहिली. कलकत्ता महापालिका १९४८ साली बरखास्त झाली, पुढे १९७२ साली पुन्हा, आणि १९८५पर्यंत तिथे निवडणूक झाली नाही. हे एकट्या कलकत्त्याचं नाही. पालिका नीट चालत नाही, म्हणून प्रशासक. प्रशासक आला, म्हणून निवडणूक लांबणीवर. ही गोष्ट राज्याराज्यांत घडली.

यावर उपाय म्हणून ७४वी घटनादुरुस्ती झाली. ती १ जून १९९३पासून लागू झाली. पालिकेची मुदत पाच वर्षं. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. बरखास्त करायची तर आधी पालिकेचं म्हणणं ऐकून घ्या, आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्या. बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे द्यायच्या अठरा कामांची यादी आली. कागदावर रिपनच्या काळापासूनचं एक वर्तुळ तुटलं.

१९९४

मग एक वर्ष येतं ज्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गोष्टी घडतात.

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग. लाखो माणसं शहर सोडून पळाली. पालिकेच्या साफसफाईची ती वार्षिक परीक्षाच होती, साथीनं घेतलेली. पुढच्या वर्षी आलेल्या आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी केबिन सोडून रस्त्यावर उतरायला लावलं आणि दुपारी त्याच दिवसाच्या कामाचा आढावा घ्यायला सुरुवात केली. वर्षाचा हिशेब दिवसावर आला आणि दोनेक वर्षांत सुरतेची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली.

डिसेंबर १९९४. राजस्थानात पाली जिल्ह्यातलं कोटकिराना गाव. मजदूर किसान शक्ती संघटनेनं तिथे जनसुनावणी घेतली. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवली. कागदावर मजुरी घेतलेली माणसं उभी राहून म्हणाली, आम्ही तर त्या कामावर गेलोच नव्हतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी केलेलं ते लेखापरीक्षण होतं. २००५च्या माहिती अधिकार कायद्याची एक मोठी वाट तिथून निघते.

आणि त्याच वर्षी बेंगळूर. अहमदाबादच्या आयआयएमचे माजी संचालक सॅम्युएल पॉल यांनी शहरातल्या हजाराहून अधिक कुटुंबांना एक साधी गोष्ट विचारली: पालिका, पाणीपुरवठा, वीज, विकास प्राधिकरण, यांच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का? निकाल ‘नागरिकांचं प्रगतिपुस्तक’ म्हणून छापला. सरासरी समाधानी माणसं नऊ टक्के. बेंगळूर विकास प्राधिकरणाबद्दल समाधानी माणसं एक टक्का. झोपडपट्टीत तर साधारण दर तीन कुटुंबांमागे एकाला काम करून घेण्यासाठी लाच द्यावी लागली होती. वर्तमानपत्रांनी हे आकडे उचलले, सभा झाल्या. १९९९ साली पुन्हा पाहणी केली तेव्हा समाधानाची सरासरी चौतीस टक्क्यांवर गेली होती, २००३ साली एकोणपन्नास टक्क्यांवर. मधल्या काळात शहरातल्या संस्थाप्रमुखांना जाहीर सभेत आपल्या कामाचा हिशेब मांडावा लागत होता.

या तीन ठिकाणी मिळून एकच बदल दिसतो. परीक्षक बदलला. सुरतेत अधिकाऱ्याला रोज रस्ता बघावा लागला, कोटकिरान्यात मजुरानं हजेरीपट तपासला, बेंगळुरात नळाखाली बादली लावून बसणाऱ्या बाईनं पाणीखात्याला गुण दिले.

मापं आली, क्रमांक आले

२००८ साली केंद्र सरकारनं पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी अठ्ठावीस मापदंड ठरवले. पाण्याचं उदाहरण घ्या: दरडोई रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, शंभर टक्के घरांना जोडणी. तेराव्या वित्त आयोगानं तर अनुदानाच्या एका भागासाठी अट घातली की ही लक्ष्यं जाहीर करा. त्याच वर्षी बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या काही निवडक भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. जिथे काही दिवसांआड पाणी यायचं तिथे नळ कधीही सोडला तरी पाणी. पण तो शहरांच्या लहानशा भागात होता. शेजारच्या भागात बादल्या भरून ठेवणं चालूच होतं. सगळ्या शहराची सरासरी काढली तर या दोन्ही गोष्टी एका आकड्यात विरघळून जातात. एका वस्तीला दोनशे लिटर आणि दुसरीला सत्तर मिळाले, आणि दोन्ही वस्त्या सारख्या मोठ्या असल्या, तरी अहवालात १३५ येतात.

२०१६पासून ‘स्वच्छ सर्वेक्षण’ आलं. पहिल्या वर्षी ७३ शहरं आणि मैसूर पहिलं. २०१७पासून सलग सात वर्षं इंदूर पहिलं, त्यात २०२३चा मान सुरतेबरोबर वाटून घेतलेला. शहरांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली. गेडिस यांच्या मिरवणुकीचं शहर आणि प्लेगचं शहर एकाच पायरीवर उभी राहिली, याचा आनंद आपल्याला व्हायलाच हवा. इंदूरच्या घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा होतो, हे काही अधिकाऱ्यांचं एकट्याचं काम नाही.

तरी इतिहास वाचणाऱ्यानं इथे जरा थांबावं. क्रमांक दिल्लीहून येतो. म्हणजे कागद पुन्हा वर जायला लागला आहे. आणि क्रमांक सांगतो की माझं शहर तुमच्या शहराहून बरं. माझ्या शहरातली मागची गल्ली पुढच्या गल्लीहून वाईट का, ते तो सांगत नाही. ते तुमच्या पालिकेच्या अहवालातच शोधावं लागतं.

तुमच्या शहराचा अहवाल हातात घ्याल तेव्हा

तो मिळवणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती पालिकेनं आपणहून जाहीर करायची आहे. घेतलात की चार गोष्टी बघा.

पहिली, अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. अंदाजपत्रकाच्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात ते आकडे इच्छेचे असतात. वर्षअखेर प्रत्यक्ष किती खर्च झाला हा रकाना बघा. शाळादुरुस्तीला दहा कोटी ठेवले आणि चार खर्चले, तर उरलेल्या सहांची गोष्ट विचारा.

दुसरी, पाण्याच्या जोडण्या किती दिल्या यापेक्षा पाणी किती तास येतं, आणि कोणत्या भागात. तिसरी, ‘तक्रारी निकाली’ या शब्दाचा अर्थ. तक्रार बंद झाली की खड्डा बुजला? चौथी, मागच्या वर्षीचे लेखाआक्षेप. लेखापरीक्षकानं काढलेले आक्षेप तसेच्या तसे पुढच्या वर्षी आले असतील, तर सभागृहात ते कोणी वाचलेच नाहीत.

हे सगळं विचारायला एक जागा लागते. कोणासमोर विचारणार? पालिकेच्या सर्वसाधारण सभेत, स्थायी समितीत, आपल्या नगरसेवकाच्या मार्फत. आणि इथे आपल्या काळाची काळजी आहे. चेन्नई महापालिकेची मुदत २०१६ साली संपली आणि पुढची निवडणूक २०२२ साली झाली. बेंगळूरच्या पालिकेची मुदत सप्टेंबर २०२०मध्ये संपली आणि पुढची वर्षं प्रशासकाच्या हाती गेली. मुंबईची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका नगरसेवकांवाचून चालली. या शहरांत कचरा उचलला जात होता, पाणी येत होतं, रस्त्यांची कंत्राटं निघत होती. अहवालही निघत होते. पण अंदाजपत्रक तयार करणारं प्रशासन आणि ते मंजूर करणारं प्रशासन एकच होतं. मेहतांनी १८७१ साली ज्या दोषावर बोट ठेवलं, तो हाच.

नगरसेवक सगळे चांगले असतात असं कोण म्हणेल? ठेकेदारीच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येतं, प्रशासकाला मत देता येत नाही. पुण्याच्या त्या सभेत बत्तिसांपैकी एकच माणूस विरोधात होता आणि प्रस्ताव मंजूर झाला, हे खरं. तरी सभा होती म्हणून तो विरोध नोंदला गेला, आणि आज आपण त्याच्यावर बोलू शकतो. ज्या वर्षी सभाच भरत नाही, त्या वर्षीच्या दप्तरात असा विरोध शोधूनही सापडणार नाही.

तुमच्या शहराच्या अहवालात तुमच्या प्रभागाचं काय आलं आहे, ते वाचा आणि शेजाऱ्यांना वाचून दाखवा. पुढच्या व्याख्यानात आपण जकात नाक्यांचा इतिहास बघू.